सात बेचाळीसचं लॉगिन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं एक जॉबवर्कचं युनिट. सीएनसी टर्निंग, थोडं फिक्स्चरचं काम, तिसेक कामगार, ऑफिसात सहा संगणक आणि एक सर्व्हर. २०२४ च्या पावसाळ्यात त्या सर्व्हरवरच्या जवळजवळ सगळ्या फायली रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवणाऱ्या प्रोग्रॅमने, कुलूपबंद केल्या. एवढ्यावर लिहावं असं त्यात काही नाही, हे आता दर महिन्याला कुठे ना कुठे होतं. मी लिहिते आहे ते पुढे जे झालं त्यासाठी. शनिवारी दुपारपर्यंत गुन्हेगार सापडल्याची युनिटमध्ये सगळ्यांची खात्री झाली होती. तक्रारीच्या मसुद्यात त्याचं नाव टाइप झालं होतं. त्या माणसाचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता.

युनिटची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

शनिवार सकाळ

युनिटची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी रात्री बंद झालेलं ऑफिस एकदम शनिवारी सकाळी उघडलं. स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी चलन काढायला संगणक लावला तर हिशोबाची टॅली उघडेना. शेअर्ड फोल्डरमधल्या ड्रॉइंगांची चित्रं जाऊन पांढरे कागद आले होते आणि प्रत्येक फाइलच्या नावाला लांब शेपूट फुटलं होतं: एक आयडी, मग चौकोनी कंसात कुणाचा तरी ईमेल, आणि शेवटी डॉट फाउस्ट. डेस्कटॉपवर ‘इन्फो’ नावाच्या दोन फायली. आमच्याशी या ईमेलवर बोला, स्वतः काही करायला जाल तर डेटा कायमचा जाईल, असा मजकूर. रक्कम लिहिलेली नव्हती. ती मेल केल्यावर गिऱ्हाईक बघून सांगतात.

फोबोस नावाच्या जुन्या रॅन्समवेअर कुटुंबाची ही एक शाखा. हे लोक विशेष युक्त्या करत नाहीत. इंटरनेटवर उघडं सोडलेलं रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) शोधायचं, पासवर्ड ओळखून आत शिरायचं, हाताने इकडेतिकडे बघायचं आणि मग प्रोग्रॅम चालवायचा. त्यांचं सगळं भागतं ते लहान धंद्यांवरच. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि न्हावा-शेवाच्या टर्मिनलवर कंटेनर अडकले, तेव्हा बातमी जगभर गेली. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याची बातमी कोण छापणार? पण ‘आम्हा छोट्यांना कोण विचारतो’ हे वाक्य मी ज्या ज्या मालकाकडून ऐकलं आहे, त्याच्या ऑफिसात तेव्हा असाच सर्व्हर बंद पडलेला असतो.

तांत्रिक तपासासाठी बोलावलेली मी पोहोचले तोवर हार्डवेअरचं काम बघणारा मुलगा येऊन कामाला लागला होता. हुशार मुलगा, पण सवय दुरुस्तीची. त्याने आल्या आल्या सर्व्हरवरच्या लॉगच्या, म्हणजे कधी काय घडलं याच्या नोंदींच्या, फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, हे उत्तम केलं. मग ‘नेट बंद-चालू करून बघू’ म्हणून राउटर रीस्टार्ट केला, दोनदा. अशा घरगुती राउटरचा लॉग त्याच्या तात्पुरत्या मेमरीत असतो, वीज गेली की संपला. गुरुवार रात्रीच्या जोडण्यांची राउटरवरची नोंद तिथेच गेली. आता तो विंडोजचा पेनड्राइव्ह शोधत होता, सर्व्हर फॉरमॅट मारून टॅली पुन्हा टाकायला. पेनड्राइव्ह सापडत नव्हता, एवढंच आमचं नशीब.

सर्व्हर चालूच होता. त्याची लॅनची केबल काढली, वीज तशीच ठेवली. लोकांची पहिली ऊर्मी बरोबर उलटी असते, खाडकन बटण बंद करायची. फायली अजून धडाधड कुलूपबंद होत असतील तर त्यात चूक नाही. डेटा वाचवणं आधी. पण इथे काम उरकून दीड दिवस झाला होता. अशा वेळी चालू यंत्राच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, जे असतं ते डिस्कवर मिळत नाही: कोणतं सेशन उघडं आहे, ते कुठल्या यंत्रावरून आलं, कोणते प्रोग्रॅम अजून जिवंत आहेत. स्क्रीनचे फोटो काढले, सर्व्हरचं घड्याळ आणि माझा मोबाइल एका फ्रेममध्ये येतील असाही एक फोटो घेतला (हा फोटो पुढे फार कामाचा ठरला), रॅमची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मग यंत्र बंद केलं. डिस्क काढून राइट ब्लॉकरमधून (मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं यंत्र) तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली, तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा आकड्यातला ठसा, काढला, आणि तो आकडा मालक व स्टोअरच्या ताई या दोघांच्या सह्यांसह कागदावर लिहून घेतला.

मूळ डिस्क पुन्हा वापरायची नाही, नवी आणा, म्हटल्यावर मालकांचा चेहरा पडला. “मॅडम, डिस्क खराब थोडीच झालीये? फॉरमॅट केली की झालं.” डिस्क पाकिटात सील होऊन कपाटात गेली, पण त्यासाठी अर्धा तास घालवावा लागला.

सगळं जुळतंय

खरी घाई वेगळीच होती. हार्डवेअरवाल्या मुलाने पेनड्राइव्हवरच्या लॉगच्या फायली स्वतःच्या लॅपटॉपवर, एका फुकट मिळणाऱ्या टूलमध्ये उघडल्या होत्या. मुख्य सिक्युरिटी लॉग कुणीतरी पुसलेला. पण विंडोज एकाच वहीत लिहीत नाही. रिमोट डेस्कटॉपची सेशनं कधी सुरू झाली, कधी तुटली, याची एक वेगळी नोंद असते आणि घाईत आलेला पाहुणा सहसा तिच्याकडे बघत नाही. तिथे गुरुवारची एक ओळ होती: युजर ‘अकाउंट्स’, लॉगिन यशस्वी, वेळ १९:४२.

हे ऐकताच ऑफिसात शांतता पसरली म्हणे. कारण गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जुना अकाउंटंट ऑफिसात आला होता. मार्चअखेर नोकरी सोडलेली, तीही भांडून. फुल अँड फायनलचे पैसे अडकलेले, फॉर्म १६ मिळाला नव्हता, तो मागायला आला होता. मालकांशी शब्दाला शब्द वाढला. मधेच शॉप फ्लोअरवरून हाक आली म्हणून मालक दहाएक मिनिटं खाली गेले आणि तो केबिनमध्ये एकटा. सर्व्हर त्याच केबिनमध्ये, टेबलाखाली. सीसीटीव्हीत तो सर्व्हरपासून हातभर अंतरावर बसलेला दिसत होता.

हेतू होता, संधी होती, वेळ जुळत होती आणि युजरनेमही त्याचंच. मालकांनी तक्रार लिहायला घेतली, त्यात त्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर. त्याही पुढे जाऊन तो सध्या महापेला जिथे नोकरीला लागला होता तिथल्या मालकांना फोन केला: “माणूस जरा सांभाळा, आमच्याकडे कांड करून आलाय.”

मी लॉगची तीच फाइल इमेजमधून काढली आणि उघडली. विंडोज प्रत्येक नोंदीची वेळ आत यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतं. विंडोजचा स्वतःचा इव्हेंट व्ह्यूअर ती दाखवताना स्थानिक वेळेत बदलतो. बाहेरची बरीचशी टूल्स बदलत नाहीत, फाइलमध्ये आहे तशी दाखवतात, आणि तसं करणं तपासाच्या दृष्टीने बरोबरच आहे. फक्त वाचणाऱ्याला ते ठाऊक हवं. १९:४२ मध्ये साडेपाच तास मिळवले की शुक्रवारची पहाट, ०१:१२.

शिवाय तेही खरं नव्हतं. तो मोबाइलसोबतचा फोटो: सर्व्हरचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं. वेळ इंटरनेटवरून जुळवून घेण्याची सोय कधीतरी बंद पडलेली, कुणीतरी अंदाजाने हाताने लावलेली. म्हणजे प्रत्यक्ष लॉगिन साधारण ०१:०१ ला. त्या वेळी ऑफिसला बाहेरून कुलूप होतं. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळही मोबाइलशी ताडून पाहिलं, तेही काही मिनिटं मागे निघालं. ते धरूनसुद्धा रात्री साडेआठनंतर शनिवारपर्यंत केबिनमध्ये कुणी हललं नव्हतं.

त्याच ओळीत आणखी एक रकाना होता, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला. सर्व्हरसमोर बसून कुणी लॉगिन केलं तर तिथे ‘लोकल’ असं येतं. इथे बाहेरचा एक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा पत्ता) होता, परदेशातल्या एका भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा.

मालकांचा आक्षेप

मालक बधले नाहीत आणि मला ते आवडलं. “मग घरी जाऊन रात्री एकला केलं असेल. पत्ता बाहेरच्या देशातला दाखवणं आजकाल कॉलेजच्या पोरालाही येतं. युजरनेम त्याचंच आहे ना?”

आक्षेप बिनतोड होता. परदेशी आयपीने जसा कुणी दोषी ठरत नाही तसा कुणी सुटतही नाही. व्हीपीएनवाला माणूस कळव्यात बसूनही ॲमस्टरडॅममधून आल्यासारखा दिसतो. म्हणून घड्याळाचा घोळ मिटल्यावरही प्रश्न उरलाच: तो नव्हता, हे कशावरून?

आधी युजरनेमचं बघू. ‘अकाउंट्स’ हे खातं २०२० च्या लॉकडाउनमध्ये उघडलं होतं, अकाउंटंटला घरून टॅली करता यावी म्हणून. तेव्हाच राउटरवर रिमोट डेस्कटॉपसाठी बाहेरून थेट सर्व्हरपर्यंत वाट काढून दिली होती. नेहमीचं ३३८९ हे पोर्ट, म्हणजे त्या वाटेच्या दाराचा नंबर, हॅकरांना माहीत असतं म्हणून बाहेरचा नंबर वेगळा ठेवलेला. त्याने फारसा फरक पडत नाही. इंटरनेट चाळणारे प्रोग्रॅम सगळी पोर्टं चाळतात आणि पलीकडून उत्तर काय येतं त्यावरून ओळखतात. लॉकडाउन संपला, वाट तशीच राहिली. अकाउंटंट गेला, खातं तसंच राहिलं, कारण नव्या अकाउंटंट मॅडमही तेच वापरू लागल्या. सीएच्या ऑफिसातला आर्टिकल, म्हणजे शिकाऊ मुलगाही, अधूनमधून त्यावरूनच यायचा. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३, तोही मॅडमच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. दाराबाहेरच्या कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने घर उघडलं तर शेवटचं कुणी उघडलं हे किल्लीला विचारून काय उपयोग? त्या खात्याला ॲडमिनचे हक्कही होते. ‘नाहीतर टॅली नीट चालत नाही’ ही समजूत ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळीकडे भेटते.

यातून एवढंच सिद्ध होत होतं की तो असेलच असं नाही. तो नव्हता याचा पुरावा पुसलेल्या सिक्युरिटी लॉगमध्ये होता.

लॉग पुसला की विंडोज नवी रिकामी फाइल उघडतं. जुनी फाइल डिस्कवर जिथे होती ती जागा ‘मोकळी’ म्हणून जाहीर होते, पण तिथला मजकूर लगेच जात नाही. विंडोजच्या लॉगची फाइल ६४ केबीच्या तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ठरावीक अक्षरांचा शिक्का असतो. मोकळ्या जागेत तो शिक्का शोधत गेलं की तुकडे हाती लागतात. सर्व्हरची डिस्क जुन्या पद्धतीची, फिरती होती म्हणून हे जमलं. एसएसडी असती तर मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. सगळे तुकडे मिळाले नाहीत. रॅन्समवेअरने कुलूपबंद फायली लिहिताना काही जागा वापरून टाकली होती. पण मिळाले ते पुरेसे होते.

त्यात मंगळवार रात्रीपासूनची चुकलेली लॉगिनं होती, हजारोंनी. विंडोजच्या भाषेत ४६२५ क्रमांकाची घटना, काही सेकंदांना एक, रात्रभर. युजरनेमं अशी: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूजर, टेस्ट, स्कॅन, बॅकअप, रिसेप्शन, मग अकाउंट, मग अकाउंट्स. कुणीतरी यादी घेऊन एकेक नाव ठोकून बघत होतं. बुधवारी सकाळी, ऑफिसात सगळे कामात असताना, ‘अकाउंट्स’वर एका चुकलेल्या प्रयत्नानंतर लगेच ४६२४ ची नोंद येते, म्हणजे लॉगिन यशस्वी. त्या नावावरची ठोकाठोक तिथेच थांबते. सेशनांच्या त्या दुसऱ्या वहीतही बुधवारचं ते लॉगिन सापडलं: तीन-चार मिनिटांचं, वेगळ्या परदेशी पत्त्यावरून. किल्ली लागते का ते बघून कुणीतरी परत गेलं. चुकीचे प्रयत्न ठरावीक संख्येपलीकडे गेले की खातं गोठवण्याची सोय विंडोजमध्ये असते. इथे ती लावलेली नव्हती.

चार वर्षं तो पासवर्ड रोज टाइप केलेल्या माणसाला ‘रिसेप्शन’ आणि ‘स्कॅन’पासून सुरुवात करायची गरज काय? पासवर्ड बदललेलाच नव्हता. त्याला पहिल्या फटक्यात आत येता आलं असतं.

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार २० एमबी असतो आणि भरला की सर्वात जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. चुकीच्या लॉगिनांचा असा भडिमार चालू असताना तो दोनेक दिवसांतच भरतो. हल्लेखोराने शनिवारपर्यंत दम धरला असता तर मंगळवार-बुधवारच्या नोंदी पुसण्याचीही गरज पडली नसती, त्याच्याच भडिमाराखाली त्या गाडल्या गेल्या असत्या. आणि मग मालकांच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नसतं.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो, जरी कोर्टात पहिला जास्त टिकेल. विंडोज कुठला फोल्डर कुणी उघडून पाहिला याच्या खुणा रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंगांच्या साठ्यात, ठेवतं. त्यांना शेलबॅग म्हणतात. अलीकडे उघडलेल्या फायलींच्या नोंदींशी त्या जुळवल्या आणि शुक्रवारी पहाटे त्या खात्याने डी ड्राइव्हवर काय केलं त्याचा क्रम लागला. आधी ‘जुनं स्क्रॅप’. मग ‘गणपती २०२२’, त्यातले मंडळाचे दोन-तीन फोटो उघडलेले. मग ‘वेल्डर हिशोब’. मग ड्रॉइंगचे फोल्डर, एकेका पार्टीच्या नावाचे. टॅलीचा डेटा सगळ्यात शेवटी, तोही भलत्याच दोन ठिकाणी डोकावून झाल्यावर. सोबत लावलेली बॅकअपची यूएसबी डिस्क मात्र लगेच उघडली होती, कारण तिच्या नावातच ‘बॅकअप’ होतं. हा अनोळखी घरात कपाटं उघडत फिरणारा माणूस आहे. जुन्या अकाउंटंटने टॅलीचा फोल्डर स्वतः तिथे बनवला होता.

रॅमच्या प्रतीतून राहिलेली एक गोष्ट कळली. पाहुणा लॉगआउट न करता नुसता तुटून गेला होता, त्यामुळे त्याचं सेशन शनिवारपर्यंत रॅममध्ये पडून होतं आणि त्यात त्याच्या यंत्राचं नाव होतं: विंडोज सर्व्हर बसवताना आपोआप पडतं तसं, ‘विन’ आणि पुढे आडवीतिडवी अक्षरं. भाड्याच्या सर्व्हरचं नाव असंच असतं. त्यावरून माणूस कुठल्या देशातला हे काढण्याचा मोह मी टाळला, मालकांनी दोनदा विचारूनही.

हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. मालक बराच वेळ गणपतीच्या फोल्डरच्या ओळीकडे बघत होते. मग म्हणाले, “हे फोटो त्यानेच काढलेत. तो कशाला उघडून बघेल?”

मसुद्यातून नाव निघालं. महापेचा फोन मात्र परत घेता येत नाही. मालकांनी दुसऱ्यांदा फोन केला, गैरसमज झाला म्हणून सांगितलं. समोरून ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर आलं. अकाउंटंटला हे कळल्यावर त्याने एकच मागितलं: या प्रकरणाशी आपला संबंध नाही असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या. ते दिलं. फॉर्म १६ आणि राहिलेले पैसेही त्याच आठवड्यात गेले.

कागदपत्रं

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. कंपनी लहान आहे म्हणून सूट नाही. लघुउद्योगांना मिळालेली मुदतवाढ २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. शनिवारी दुपारच्या आत जेवढं कळलं होतं तेवढं कळवलं. याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. २० एमबीचा लॉग आणि ११ मिनिटं पुढचं घड्याळ बघितलं की हे कलम कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते समजतं.

पोलिसांकडे तक्रार अज्ञात इसमाविरुद्ध झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६, सोबत ४३, आणि खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३०८. बऱ्याच जणांना वाटतं १९३० ला फोन केला की काम झालं. ती हेल्पलाइन मुख्यतः बँकेतून गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे, तिथे मिनिटा-मिनिटाला किंमत असते. इथे पैसे गेलेच नव्हते.

राउटरचा लॉग गेला होता, पण इंटरनेट कंपनीकडे जोडण्यांच्या नोंदी असतात. त्या आपण मागून मिळत नाहीत, पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागाव्या लागतात. तशा मागवल्या गेल्या आणि सर्व्हरवरच्या वेळा, ११ मिनिटं वजा करून, त्यांच्याशी जुळल्या. त्या फोटोचं मोल इथे कळलं.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले होते आणि तेव्हा सगळेच, पोलीसही आणि आम्हीही, नवे नमुने चाचपडत होतो. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पक्कं केलं. मूळ वाद आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याच्या व्हिडिओवरून पेटलेला; तिथेही सगळा मामला वेळेचाच होता. तेव्हा जुन्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश कोणत्या पद्धतीने काढला ते त्यात लिहायचं. शनिवारी दोन सह्यांसह लिहिलेला आकडा जसाच्या तसा तिथे उतरला. डिस्क फॉरमॅट झाली असती तर त्या रकान्यात लिहायला काही नसतं.

धंदा पुन्हा उभा

खंडणी दिली नाही. मालकांच्या मुलाचा आग्रह होता की निदान किती मागतात ते विचारू. त्याला म्हटलं, आधी काय काय परत मिळतं ते मोजू, मग ठरवा.

बरंच मिळालं, आणि अनपेक्षित जागांहून. यूएसबी बॅकअप सर्व्हरला कायम जोडलेला, त्यामुळे तोही कुलूपबंद. मालकांच्या घरी एक दोन महिन्यांपूर्वीची डिस्क होती, तिथपर्यंतची टॅली आली. पुढची विक्री जीएसटी पोर्टलवरून काढता आली: युनिट ई-इनव्हॉइसच्या मर्यादेत येत होतं, त्यामुळे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदलेलं. खरेदी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या विवरणावरून, मालाची ये-जा ई-वे बिलांवरून, पैसे बँकेच्या स्टेटमेंटवरून. अकाउंटंट मॅडमनी रोज उशिरापर्यंत बसून वही उभी केली. ड्रॉइंगांचं दुखणं मोठं होतं. पार्ट्यांनी मेलवर पाठवलेली मिळाली, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेली पीडीएफ मिळाली, काही थेट सीएनसी मशीनच्या मेमरीतल्या प्रोग्रॅमवरून उलट उभी केली. युनिटने स्वतः काढलेली फिक्स्चरची जुनी ड्रॉइंगं मात्र गेली ती गेली.

नेटवर्कमध्ये नंतर केलं ते फार खर्चाचं नव्हतं. बाहेरून येणारी थेट वाट बंद, घरून काम करायचं तर व्हीपीएनच्या सुरक्षित वाटेने. माणशी एक खातं, ॲडमिनचे हक्क कुणालाच नाहीत, आणि हो, टॅली नीट चालते. लॉगचा आकार वाढवला, त्याची प्रत कोपऱ्यातल्या एका जुन्या पीसीवर जाते, घड्याळ एनआयसीच्या सर्व्हरशी जुळतं. बॅकअपच्या दोन डिस्क, एक नेहमी मालकांच्या बॅगेत.

तपासातून कुणाला अटक झाली नाही. परदेशी भाड्याच्या सर्व्हरपाशी धागा तुटला, बहुतेक वेळा तुटतो तसा. पण फोबोस चालवणाऱ्यांवर बाहेर काम चालू होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा कथित सूत्रधार दक्षिण कोरियातून अमेरिकेच्या ताब्यात गेल्याचं जाहीर झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कुटुंबातल्या ८बेस टोळीचे लोक थायलंडमध्ये पकडले गेले, आणि जुलै २०२५ मध्ये जपानच्या पोलिसांनी या फायली सोडवणारं साधन फुकट खुलं केलं. फाउस्ट शेपटाच्या फायली त्या यादीत होत्या.

कपाटातली डिस्क तशीच सील ठेवून, इमेजच्या प्रतीवर ते चालवलं. फिक्स्चरची ड्रॉइंगं जवळजवळ सगळी उघडली. टॅलीचा डेटाही सुटला. तोवर नव्या वहीवर रिटर्न भरून झाली होती, त्यामुळे त्याची कुणाला फारशी उत्सुकता नव्हती. मॅडमनी तरी दोन्ही वह्या शेजारी लावून ताळा घेतला. पोर्टलवरून उभं केलेलं पैशाला पैसा जुळलं. फरक निघाला तो रोखीच्या किरकोळ व्हाउचरांत: चहा, टेम्पो भाडं, कटिंग ऑइलचे दोन डबे. ती मॅडमनी आता स्वतंत्र फाइलला लावून ठेवली आहेत, सीएने विचारलं तर दाखवायला.